पिवळा कमी करा

७ ऑक्टोबर

ही वही मृणालने घ्यायला लावली. कोणता रंग किती मिसळला ते रोज लिहून ठेवा काकू, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच रंग पुन्हा सापडणार नाही, असं ती म्हणाली. मृणाल माझ्या लेकीहून, प्रणालीहून चार वर्षांनी लहान. नागपूरला चित्रकला शिकली, पांढुर्ण्याला परत आली आणि स्टेशनकडच्या गल्लीत वर्ग घेते. वर्गात पाच शाळकरी मुली आणि सहावी मी. सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत दुसऱ्यांची पोरं शिकवली, गेल्या महिन्याच्या तीस तारखेला निवृत्त झाले, आणि आता मुलींच्या मागे शेवटच्या बाकावर बसते. माझी शाळेतली पोरं बघतील तर हसतील.

तैलचित्र शिकायचं तर जुन्या उस्तादाचं चित्र जसंच्या तसं नकलायचं, अशी तिची पद्धत आहे. जन्मभर नक्कल करणाऱ्यांचे कान धरले आणि आता हे. माझ्या वाट्याला चारशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकाराचा म्हातारा आला आहे. नाव मला उच्चारता येत नाही. खिडकीशी खुर्ची टाकून बसलाय, दोन्ही हात मांडीवर, उजेड डावीकडून. मी त्याला आजोबा म्हणते. वय आमच्या ह्यांच्याहून फार नसेल.

१२ ऑक्टोबर, दसरा

आजोबांचं रेखाटन चौकटी पाडून कॅनव्हासवर उतरलं. नाक थोडं लांब झालंय. रंग पातळ करायला जवसाचं तेल लागतं. आमच्याकडे जवसाची चटणी बारा महिने असते, पण हेच तेल एवढ्याशा बाटलीत चित्रकाराचं सामान म्हणून विकतात. ह्यांनी बाटलीचा वास घेतला आणि म्हणाले, "चटणी कॅनव्हासले लावून राहिली का व?" सोनं वाटायला निघाले आणि लवकरच परत आले. दमलो म्हणाले.

१९ ऑक्टोबर

राखाडी रंगात सगळा चेहरा तयार झाला. आता त्यावर कातडीचा रंग चढवायचा. इथे घोळ आहे. माझ्या छापील कागदावर आजोबा तपकिरी, मृणालच्या टॅबवर लालसर, वर्गातल्या पुस्तकात तिसरेच. मृणाल म्हणाली, छपाईवर विश्वास ठेवू नका. घरी त्याच वयाचा माणूस तसाच खिडकीशी बसवा आणि कातडी त्याची बघून रंगवा. बघताना डोळे किलकिले करा. नाक-डोळे विसरायचे, फक्त रंगाची ठिगळं दिसली पाहिजेत.

घरी त्या वयाचा एकच माणूस आहे. ह्यांचा संत्र्याचा धंदा, आंबिया बहाराची फळं निघायला लागलेली. सकाळीच सौंसरकडे बगीचे बघायला जातात. मागच्या वर्षीपर्यंत या दिवसांत दुपारी घरात सापडायचे नाहीत, यंदा दोनला परत येतात, अर्धी भाकर ताटात ठेवतात आणि पडतात. तेव्हा तीन ते चार बसायला हो म्हणाले.

२२ ऑक्टोबर

पहिली बैठक. पांढरा चार, पिवडी (मातकट पिवळा) एक, लाल अर्धा, तपकिरी टोकापुरता.

हे चांगले बसतात, हालत नाहीत. फक्त तोंड खिडकीकडे धरत नाहीत, सारखं आत वळवतात. तीनदा सांगितलं, तोंड उजेडाकडे ठेवा ना जी. गळ्यात कॉलरच्या आत एक दोरा दिसला, त्यात बारीक काड्या बांधलेल्या. विचारलं, तर म्हणाले जामसावळीच्या मारुतीचा आहे, सौंसरला गेलो होतो तेव्हा घेतला. हा माणूस देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहणारा. मी सदतीस वर्षं वर्गात गंडेदोरे खोटे म्हणून सांगितलं, आणि घरात हे. पण गळ्याशी काड्यांची सावली छान पडते, म्हणून मी आजोबांच्या गळ्यातही काढली. मूळ चित्रात नाही. मृणालला दिसेपर्यंत असू दे.

२५ ऑक्टोबर

मृणालने कॅनव्हास पाहिला आणि पहिलं वाक्य: "काकू, पिवळा कमी करा." मी म्हटलं, जसं दिसतं तसंच लावलंय. ती म्हणाली, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, कॅनव्हास कपाटात ठेवता का? ठेवते. आजपासून खिडकीत.

२८ ऑक्टोबर

आज हात. पिवडी निम्मी केली तरी तळवे पिवळेच आले. मी ब्रश खाली ठेवून ह्यांचे हात हातात घेऊन बघितले. खरंच पिवळे. हे हसले, "संत्र्याच्या माणसाचे हात पिवळे नाई तर का निळे राहतीन?" बरोबर आहे. या दिवसांत अर्ध्या पांढुर्ण्याचे हात असेच असतात. शाळेत पोरं सालीचा रस बोटांना लावून यायची आणि पाट्या पिवळ्या करायची. बिचाऱ्या डच माणसाला कधी संत्र्याच्या दलालाचे हात रंगवावे लागले नसतील.

२ नोव्हेंबर

प्रणाली दिवाळीला नागपूरहून येऊन गेली. बाबा किती बारीक झाले म्हणाली. शेजारच्या प्रेमलतावहिनीही म्हणाल्या, भाऊजी सुकले. हे म्हणाले सीझनमध्ये मी दरवर्षी सुकतो. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, ते मी पाहिलं. घरभर झेंडू, दिवे, हळदीची रांगोळी. ह्यांनी रघुनाथरावांच्या फोटोसमोर पणती लावली आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले. रघुनाथराव म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. नऊ वर्षांपूर्वी नागपूरच्या दवाखान्यात गेले. तेव्हापासून हे नागपूरला मालाच्या गाडीबरोबरसुद्धा जात नाहीत, माणूस पाठवतात.

५ नोव्हेंबर

एक गंमत. गळ्यातला तो दोरा खाली सरकलाय. मी चित्रात गळ्याशी काढला आणि आज पाहते तर तिसऱ्या बटणापाशी. म्हटलं, बसताना वस्तू हलवायच्या नसतात. म्हणाले, "मी नाई हलवला. आपोआप लांबते तो. चांगलं असते ते." का चांगलं, ते सांगेनात. पण खुशीत होते. बैठकीनंतर अर्धा पेला दूध प्यायले.

६ नोव्हेंबर

आज ह्यांनी पहिल्यांदा कॅनव्हाससमोर येऊन चित्र नीट पाहिलं. एरवी लांबूनच छान म्हणायचे. आज जवळ आले आणि चष्मा लावला. मग म्हणाले, "मी असा पिवळा आहो का?" मी म्हटलं, मला तसे दिसता. चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुया आईसारखं होऊन राहिलं वाटते तुया डोळ्याचं."

माझ्या हातातली रंगाची चिंधी खाली पडली.

आई शेवटची आठ वर्षं आंधळी होती. सुरुवात अशीच झाली. पांढरं लुगडं पिवळं कोणी केलं म्हणून वहिनीशी भांडायची. आम्ही हसायचो. मग दिव्याभोवती कडी दिसू लागली, मग कडा गेल्या, मग सगळंच. मी तेव्हा चाळीसची होते. डॉक्टरांनी मलाही सांगितलं होतं, हा काचबिंदू, घराण्यात उतरतो, दर वर्षी दाखवत जा. मी एकदाही दाखवलं नाही. शाळा होती, प्रणाली होती. खोटं कशाला लिहू, भीती वाटली म्हणून नाही दाखवलं.

८ नोव्हेंबर

सकाळी उठल्याबरोबर एक डोळा झाकून दुसऱ्याने बघते. मग उलट. चादर पांढरी दिसते. दूध पांढरं. खडूची जुनी पेटी काढली, पांढरा खडू पांढराच आहे. मग जीव भांड्यात पडतो. मग हे न्हाऊन बाहेर येतात आणि मला ते पिवळे दिसतात.

बासष्टाव्या वर्षी कुठे बघायला शिकले. हातावरच्या शिरा निळ्या नसून हिरवट असतात, सावलीत रंग असतो, हे मला महिन्याभरापूर्वी माहीत नव्हतं. आणि आताच जायचं?

१३ नोव्हेंबर

आजोबांचा सगळा चेहरा सुरीने खरवडला. मृणालला म्हटलं, कातडीचा रंग तूच मोजून दे, माझा अंदाज चुकतो. तिने कागदावर मिश्रण काढून दिलं. पांढरा पाच, लाल एक, पिवडी नखाएवढी. घरी तेवढंच मिसळलं आणि ह्यांच्याकडे न बघता लावलं. आजोबा गुलाबी झाले. मृणाल म्हणाली, वा काकू. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

हे म्हणाले, "आता माणसासारखा दिसते." आणि मग, आता मला बसवायची गरज नाही ना, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. दोघांनाही बरं वाटलं.

२० नोव्हेंबर

हे रात्रंदिवस अंग खाजवतात. दंडावर ओरखडे उठलेत. बगीच्यात फवारणी झाली होती, तिचं आहे म्हणतात. खोबरेल तेल लावून दिलं. पाठीला लावताना मी डोळे मिटून घेतले. पाठ पिवळी दिसली तर मला पुन्हा रडू येईल.

२४ नोव्हेंबर

कळत नाही ते लिहून ठेवते. वर्गात मृणालने रंगांच्या पंधरा चिठ्ठ्या जुळवायला दिल्या. मुलींच्या दोन-तीन चुकल्या, माझी एकही नाही. वर्गात सगळं ठीक दिसतं. बाजारात ठीक. प्रेमलतावहिनींचा चेहरा ठीक. घरी आले की पिवळं. म्हणजे रोग येतो-जातो असणार. आईचंही तसंच होतं का? विचारायला कोणी उरलं नाही.

मी ह्यांच्याकडे बघायचं टाळते. वाढताना ताटाकडे बघते, बोलताना भिंतीकडे. ह्यांना ते लक्षात आलं असेल तर बोलत नाहीत. हेही माझ्याकडे बघत नाहीत.

२९ नोव्हेंबर

आज पकडली गेले. अंगणात एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते, तेवढ्यात हे फाटकातून आत आले. काय करून राहिली विचारलं आणि मला बांध फुटला. सगळं सांगितलं. आईसारखं होणार, मी आंधळी होणार, चित्र पुरं व्हायच्या आधीच होणार. ह्यांनी मला ओट्यावर बसवलं. स्वतः उभेच राहिले. चेहरा इतका उतरला की मला वाटलं आता हेही रडतील.

"तुया डोळ्याले काही नाई झालं," म्हणाले.

तुम्हाला कसं माहीत, मी विचारलं. ह्यांनी पायात चपला घातल्या. बाहेर गेले, तासाभराने आले आणि सांगितलं की मंगळवारी नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, प्रणालीने नंबर लावला आहे. तुम्ही कशाला, मी एकटी जाईन, म्हटलं. सीझन ऐन भरात, आणि त्यात नागपूर. पण म्हणाले, "मी येतो संग." लग्नाला सदतीस वर्षं झाली. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी फार वेळा ऐकलेलं नाही.

३ डिसेंबर, नागपूर

प्रणालीच्या घरी बसून लिहिते आहे. आज घडलं ते आजच लिहायचं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. ठिपक्यांची चित्रं वाचायला लावली, डोळ्यावर हवेचा झोत मारला, थेंब घालून आत बघितलं. म्हणाल्या, मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, वयाप्रमाणे. काचबिंदू नाही. रंग तुम्हाला माझ्याइतकेच नीट दिसतात.

मी म्हटलं, मग मला पिवळं का दिसतं?

"काय पिवळं दिसतं?"

"नवऱ्याचा चेहरा. हात."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही," मी म्हटलं, आणि म्हणतानाच माझं मला ऐकू आलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी थांबले नाही, उठून बाहेर गेले. थेंबांमुळे जवळचं-लांबचं सगळं पुसट झालं होतं. कोणाचं नाक दिसेना, डोळे दिसेनात. खिडकीखालच्या बाकावर सात माणसं बसली होती, म्हणजे चेहऱ्यांची सात ठिगळं. सहा कमी-जास्त तपकिरी. एक पिवळं.

मी त्या पिवळ्यापाशी गेले आणि म्हटलं, माझ्याकडे बघा. उजेडाकडे तोंड करा. ह्यांनी तोंड केलं. इतक्या जवळून दिसलं. डोळ्यांतला पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा झाला होता.

"डोळ्याचं काय म्हणे डॉक्टर?" ह्यांनी विचारलं.

"माझे डोळे चांगले आहेत."

ह्यांनी मान खाली घातली. मग सदऱ्यात हात घालून तो दोरा बाहेर काढला. पोटाच्याही खाली आला होता. "मारुतीचा नाई हा," म्हणाले. "काविळीची माळ आहे. मोहगावहून आणली. जशी माळ लांबते तशी कावीळ उतरते म्हणतात. पाह्य, किती खाली आली."

मी शिक्षिका आहे. काड्या वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबते. हे मी चौथीच्या वर्गाला सांगितलं असतं. भर दवाखान्यात मी ती माळ हातात धरून उभी राहिले.

डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनीच दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. हे आता तिथे भरती आहेत. प्रणालीचा नवरा जवळ बसला आहे.

५ डिसेंबर

पित्ताची नळी तोंडाशी दाबली गेली आहे. कशाने, ते तपासायला तुकडा पाठवला आहे. गाठ आहे, असं डॉक्टर म्हणाले. कसली, ते म्हणाले नाहीत. दुखत नसताना होणारी कावीळ वाईट, एवढं मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. मला भीती वाटते. डोळ्यांची वाटत होती तिच्या शंभरपट वाटते.

दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. हे छताकडे बघत बोलायला लागले. दसऱ्याच्या आधीच लघवी पिवळी व्हायला लागली होती. दादालेही असंच झालं, त्याले इथं आणलं आणि गाडीत बांधून परत नेलं, म्हणून कोणाला सांगितलं नाही. मोहगावला गेले. माळ लांबायला लागली तेव्हा वाटलं, उतरतेय.

"मंग तुयं चित्र पाहिलं. माळ खाली येऊन राहिली होती, अन् चित्रातला माणूस आणखी पिवळा होऊन राहिला होता. त्याच दिवशी समजलं मले. मी भेलो वंदना. म्हून तुयेच डोळे गेले म्हटलं."

मला संताप आला. इतका की मी उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. महिनाभर मी एक डोळा झाकून चादरी बघितल्या, आणि ह्या माणसाने ते होऊ दिलं. आजारी नवऱ्यावर रागवावं की नाही हे मला कळत नव्हतं, पण मी रागावले. परत आत येऊन सांगितलंही, की हे तुम्ही फार वाईट केलं. हे हो म्हणाले. हो म्हणून हात पुढे केला. मी बराच वेळ धरला नाही, मग धरला.

आता स्वतःचं लिहिते. गुलाबी मी केला. जे दिसत होतं ते खरवडलं आणि दुसऱ्याने मोजून दिलेलं लावलं, आणि टाळ्या मिळाल्या तेव्हा मला बरं वाटलं. तेरा नोव्हेंबर ते तीन डिसेंबर. वीस दिवस.

११ डिसेंबर

नळीत एक बारीक प्लास्टिकची नळी बसवली, पित्त वाहायला लागलं. तुकड्याचा निकाल आला. कर्करोग आहे, पण लहान आहे आणि पसरलेला दिसत नाही. काढता येईल. मात्र इतक्या काविळीत एवढं मोठं ऑपरेशन करत नाहीत, रक्तातलं पित्त आधी खाली यायला हवं. सहा जानेवारी तारीख दिली. तोवर घरी. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की ही नळी कधीकधी तुंबते. पुन्हा पिवळं दिसलं किंवा थंडी वाजली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, आता आणलंत ना. चांगला माणूस आहे, पण हे उत्तर नव्हतं.

१६ डिसेंबर, पांढुर्णा

घरी आलो. मी नियम केला आहे आणि ह्यांनी तो मान्य केला आहे. रोज सकाळी नऊ वाजता खिडकीशी बसायचं, तोंड उजेडाकडे. मी बघणार आणि दिसेल ते मोठ्याने बोलणार. ह्यांना आत काही वाटलं तर ह्यांनीही बोलायचं. कोणी कोणाला जपायचं नाही.

आजचं: तळवे पिवळे, डोळे पिवळे, पण मागच्या आठवड्याहून कमी.

२१ डिसेंबर

डोळ्यांच्या कोपऱ्यात फिकट. तळवे साफ. खाज थांबली. दोन वेळा जेवले.

मृणाल भेटायला आली. खाली मान घालून बसली आणि म्हणाली, काकू, मी पिवळा कमी करा म्हणायला नको होतं. मी तिला चहा दिला. तिच्या हातात छापील कागद होता, माझ्या हातात माणूस होता. चूक तिची नाही.

२४ डिसेंबर

आजोबांचा गुलाबी चेहरा खरवडून काढला. खाली राखाडी चेहरा शाबूत होता. हे म्हणाले, मी पुन्हा बसतो, सहा तारखेच्या आधी माझा चेहरा पुरा कर. असं का म्हणाले ते मला समजलं आणि मी तसं बोलू नका म्हणाले नाही, कारण नियम आहे. मलाही तीच भीती आहे, एवढं सांगितलं. मग बैठक सुरू केली.

डोळे आज पांढरे. पहिल्यांदा.

गळ्यातल्या माळेचं काय करायचं विचारलं. मूळ चित्रात तर नाहीच. हे म्हणाले, "राहू दे. पण गळ्याशीच राहू दे, खाली नोको सरकवू."

२९ डिसेंबर

पांढरा चार, पिवडी पाव, लाल एक, तपकिरी टोकापुरता. कपाळ आणि डावा गाल झाला. हा रंग आजोबांचा नाही, ह्यांचा आहे. मृणाल म्हणते, मग ही नक्कल राहिली नाही. नसेना का.

१ जानेवारी

गाडी यायला वीस मिनिटं आहेत, तेवढ्यात लिहिते.

नऊला बसलो. आज डोळे रंगवायचे होते. डोळ्यातला पांढरा नुसता पांढरा नसतो, त्यात राखाडी आणि कणभर लाल लागतो. मी किलकिले डोळे करून पाहिलं आणि उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं. अगदी थोडं. काल नव्हतं.

मग मनात एकेक कारण यायला लागलं. थंडीतलं ऊन पिवळटच असतं. खिडकीखाली प्रेमलतावहिनींनी पाठवलेली संत्र्यांची टोपली होती, ती उचलून आत नेली. ह्यांना उठवून अंगणात आणलं, उघड्या उजेडात. पाच दिवसांवर ऑपरेशन आहे, एवढ्यात कशाला घाबरवायचं, असंही वाटलं. उद्या सकाळी पुन्हा बघू, असं अगदी ओठावर आलं होतं.

ब्रश खाली ठेवला आणि म्हटलं, "मला पिवळं दिसतंय."

ह्यांनी किती, कुठे, काही विचारलं नाही. म्हणाले, "पहाटे थंडी वाजली मले. जानेवारी आहे म्हून बोललो नाई." मग स्वतःच उठले, बूट घातले आणि म्हणाले, "चल."

मी डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले लगेच निघा. प्रणालीला केला. प्रेमलतावहिनींचा मुलगा भूपेंद्र गाडी घेऊन येतो आहे. कपड्यांची पिशवी भरली. ब्रश धुतले नाहीत. उजवा डोळा चित्रात अजून कोराच आहे. मागच्या वेळी वीस दिवस गेले होते आणि आज एक तास गेलाय.

हे दारात खुर्ची टाकून बसलेत. गाडी दिसावी म्हणून रस्त्याकडे बघत असतील असं वाटलं, पण तसं नाही. मी न सांगता तोंड उजेडाकडे करून बसलेत, मला नीट बघता यावं म्हणून.